चौऱ्याण्णव ताटल्या आणि एक भंगार लॅपटॉप

"भंगार झालंय हे," दुकानदार म्हणाला. लॅपटॉपकडे बघून म्हणाला असता तर मी एखादवेळेस सोडूनही दिलं असतं. पण तो माझ्याकडे बघून म्हणाला.

आता हा शब्द कुठल्याच माणसाला ऐकवू नये. पण सदतीस वर्षं कौन्सिलच्या घरपट्टी खात्यात काढून आठच महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाला तर मुळीच ऐकवू नये. माझा निरोपसमारंभ शुक्रवारी झाला. चष्म्याचं घर विसरलं म्हणून सोमवारी परत गेलो, तर माझ्या टेबलाच्या जागी कुंडी होती. रबराचं झाड. माझ्या जागी दुसरा माणूस आला असता तर मी त्याच्या चुका तरी काढल्या असत्या. रबराच्या झाडाच्या काय चुका काढणार?

लॅपटॉपचं दुखणं असं होतं, की त्याच्या आत बसून सगळं चालवणारा जो कारभारी असतो, ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, तो म्हातारा झाला होता. ज्या कंपनीचा तो, तिने त्याच्याकडे लक्ष द्यायचं बंद केलं होतं आणि तिचा नवा कारभारी या जुन्या घरात मावत नव्हता. सकाळी बटण दाबलं की मी चहाचं आधण ठेवायचो, चहा प्यायचो, कप विसळून ठेवायचो आणि मग पडदा उजळायचा.

"नवीन घ्या," दुकानदार म्हणाला.

"चालतोय की हा."

"याला चालणं म्हणत नाहीत."

माझ्या मागे रांगेत गुडघ्यापर्यंत बूट घातलेली एक शेतकरीण उभी होती. ती म्हणाली, "लिनक्स टाका की त्याच्यावर. माझा याच्याहून जुना आहे, पळतोय. फुकट असतं."

"फुकट कसं?"

"जगभरचे लोक मिळून बनवतात. कुणी एक मालक नाही."

"मग तक्रार कुणाकडे करायची?" मी विचारलं. घरपट्टी खात्यातल्या माणसाला हा प्रश्न सगळ्यात आधी सुचतो.

"स्वतःकडे," ती म्हणाली.

मी लॅपटॉप काखेत मारला आणि घरी पोर्ट पेनवार्नला परतलो. वाटेत दोन्हीकडे जव पिकायला लागला होता आणि माझा निश्चय झाला होता.

माझी बायको मेरिडी हिला निश्चय वगैरे शब्दांची भीती वाटते. "तो लॅपटॉप माझ्या कामाचा आहे, लायल," ती म्हणाली. "शनिवारी प्रदर्शन आहे. जे काय करायचंय ते रविवारी कर."

इथे मेरिडीच्या कामाबद्दल सांगायला हवं. दरवर्षी आमच्या गावात शेतकी प्रदर्शन भरतं. मेंढ्या, दोरीचे खेळ, लाकूड फोडण्याची शर्यत हे सगळं मैदानावर. पण गावाचा खरा जीव अडकलेला असतो तो सभागृहातल्या बेकिंग विभागात. तिथे फ्रूट केक, स्पंज, स्कोन नावाचे छोटे पाव आणि पास्टी नावाच्या खाऱ्या करंज्या यांच्यावरून जे रुसवेफुगवे होतात ते दोन-दोन पिढ्या चालतात. या विभागाची प्रमुख म्हणजे मेरिडी. बावीस वर्षं. बावीस वर्षांत एकही बक्षीस चुकीच्या माणसाला गेलं नाही आणि एकही लेखी तक्रार आली नाही. मेरिडी कशाचाही गर्व करत नाही, पण हे ती पाहुण्यांना सांगते. पाहुणे नसले तर मला सांगते.

हे जमतं ते आमच्या कडक पद्धतीमुळे. फार पूर्वी एका परीक्षक बाईंनी म्हणे आपल्या जावेचा केक ताटलीवरून ओळखला. तेव्हापासून सगळे पदार्थ समितीने दिलेल्या सारख्याच पांढऱ्या कागदी ताटल्यांत ठेवायचे. पुढच्या टेबलावर एकाने नाव लिहून घ्यायचं आणि पदार्थ पडद्यामागे सरकवायचा. पडद्यामागे मेरिडी. ती ताटलीला नंबर चिकटवून नुसता नंबर ओरडणार, की पुढच्याने तो नावासमोर लिहायचा. म्हणजे मेरिडीला नाव माहीत नाही आणि स्पर्धकाला एवढ्या गोंगाटात आपलाच नंबर कळत नाही. नाव-नंबराची यादी एकच. स्पर्धकाने नाव लिहून आणलेली चिठ्ठी तिथल्या तिथे फाडायची. दोन वर्षांपासून ही यादी लॅपटॉपवर असते, कारण मी तशी सुधारणा सुचवली होती.

कुंपणापलीकडून एर्न ट्रेंगोवने माझा बेत ऐकला. एर्नने आयुष्यभर कापणीची यंत्रं दुरुस्त केली, त्यामुळे त्याला सगळंच दुरुस्त करता येतं असं त्याचं मत आहे. शिवाय पुरुषांच्या चॉकलेट केक स्पर्धेत तो सलग तीन वर्षं पहिला आलाय आणि हे मत त्यामुळे आणखी फुगलंय.

"अरे सोड ना, लायल," तो म्हणाला. "तुझ्याच्यानं होणार आहे का ते? साधा केक करता येत नाही तुला."

"मी कधी करून बघितला नाही, एवढंच," मी म्हणालो.

"मग करून बघ की! पुरुषांच्या गटात चारच नावं आलीत. पाच झाली नाहीत तर स्पर्धा रद्द आणि माझं बक्षीस बुडेल."

त्या क्षणी माझ्याकडे एकाऐवजी दोन निश्चय झाले. दुसऱ्याचा मी कुणाला पत्ता लागू दिला नाही.

आमच्या घरच्या इंटरनेटला समुद्राचा वारा सोसत नाही, म्हणून ती फुकटची प्रणाली उतरवून घ्यायला गुरुवारी ग्रंथालयात गेलो. मेरिडीने हल्लीच शेतकी मेळाव्यात बियाण्याच्या दुकानातून जाहिरातीचे दोन पेन ड्राइव्ह आणले होते, दोन्ही हिरवे, दोन्हींवर जवाची लोंबी. त्यातला एक बरोबर घेतला. ग्रंथपाल बाईंनी मला एक तासासाठी यंत्र दिलं. उतरायला लागणारा वेळ: एक तास दहा मिनिटं.

"तास संपला की यंत्र आपोआप सगळं पुसतं," बाई म्हणाल्या.

"दहा मिनिटं वाढवून द्या."

"एका कार्डावर एक तास. नियम आहे."

ग्रंथालय कौन्सिलचं आहे. कौन्सिलचे नियम कोणाला शिकवता? मी त्यांना विनंती केली की कपाटातली हिरवी फाइल काढा आणि कलम अकरा वाचा. 'जेवणाच्या सुट्टीतला वेळ सभासदाच्या वेळेत धरू नये.' ते कलम मीच स्वतःच्या हाताने टाईप केलं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं. मी बाराला बसलो, साडेबाराला बाईंनी ग्रंथालय बंद करून मला बाहेर काढलं, पण यंत्र चालूच राहिलं. मी पायरीवर बसून पास्टी खाल्ली. दीडला आत गेलो तेव्हा फाइल उतरली होती. नियम नीट लिहिलेला असला की तो माणसाच्या मदतीला येतो, असं मला तेव्हा वाटलं. हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

त्याच संध्याकाळी मेरिडी सभागृहात घडीची टेबलं मांडायला गेली आणि मी तिच्या स्वयंपाकघरात शिरलो. अडतीस वर्षांच्या संसारात त्या ओट्यापाशी मी फक्त भांडी पुसायला उभा राहिलो होतो. पुस्तकात लिहिलं होतं, पीठ दोनदा चाळून घ्या. मला चाळणी सापडली नाही. केक भट्टीत असताना मधोमध सुंदर फुगला, बाहेर काढल्यावर मधोमध खाली बसला. मी तो खोक्यात घालून गाडीच्या मागच्या बाजूला लपवला आणि खिडक्या उघडून वास घालवला.

शुक्रवारी सकाळी सभागृहात पदार्थ यायला लागले. पुढच्या टेबलावर मी आणि लॅपटॉप, पडद्यामागे मेरिडी. लॅपटॉपने त्या दिवशी माझी लाज काढायचं ठरवलं होतं. एक नाव लिहिलं की तो थांबायचा. लोक केक धरून उभे. कुणाचा स्पंज बसायला लागला, कुणाचं क्रीम वितळायला लागलं. रांग दाराबाहेर गेली.

प्रदर्शनाच्या अध्यक्षा मिसेस नॅन्कॅरो माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त लागतं. "लायल, आपण ते जुनं कार्डांचं खोकं बाहेर काढू या का? तुम्हालाही त्रास नको."

तुम्हालाही! मला रबराच्या झाडाची आठवण झाली.

शेवटी गर्दी ओसरल्यावर माझा केक मीच पडद्यामागे सरकवला, आवाज न करता. "चौऱ्याण्णव!" मेरिडी ओरडली. मी माझ्या नावासमोर चौऱ्याण्णव लिहिलं आणि मग थोडं थांबून तिचा आवाज आला, "हे काय आहे कुणाचं... जाऊ दे." सभागृहाला कुलूप लागलं. परीक्षण शनिवारी सकाळी, निकाल दुपारी बारा वाजता.

"उद्या याच्यावर प्रमाणपत्रं छापायची आहेत," मी मेरिडीला म्हणालो. "असा अडखळत राहिला तर आपली शोभा होईल. अर्ध्या तासाचं काम आहे, आजच करतो."

"माझी यादी आहे त्याच्यात."

"मी काय वेडा आहे का? आधी यादी बाजूला काढून ठेवतो." आणि खरंच, तिच्या डोळ्यांदेखत मी यादी दुसऱ्या हिरव्या पेन ड्राइव्हवर उतरवली. दोनदा उघडून दाखवली. मेरिडीने माझ्याकडे जसं बघितलं तसं ती भट्टीत फार लवकर ठेवलेल्या केककडे बघते.

मग मी शेडमध्ये गेलो. आमच्या गावात निवृत्त पुरुषांसाठी एक मोठी शेड आहे. तिथे आम्ही सगळे मिळून मोडकी खुर्ची, मुलांच्या सायकली, पक्ष्यांची घरटी असं काही ना काही करत असतो. बायकांच्या मते त्यांच्या पायात न येणं हे आमचं मुख्य काम. तिथला संगणकाचा जाणकार म्हणजे केल्विन रॉडा. तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. तारा असलेली कुठलीही गोष्ट तो आपली मानतो.

"थांब," केल्विन दारातच म्हणाला. "चार्जरला टॅग कुठाय?"

शेडमध्ये विजेची कुठलीही वस्तू तपासून तिला रंगीत टॅग लावल्याशिवाय प्लगला लावायची नाही, असा नियम आहे. टॅग लावणारा अधिकारी केल्विन. त्याने फॉर्म काढला. वस्तूचं नाव. वस्तूचं वय. वस्तू कशासाठी वापरणार. वस्तूला पाण्याची भीती आहे का. शेवटी सचिवाची सही.

"सचिव कोण?" मी विचारलं.

"तूच की."

मी सही केली. केल्विनने ती माझ्या आधीच्या सहीशी ताडून पाहिली आणि पिवळा टॅग बांधला. यात पाऊण तास गेला.

मग त्याने समजावलं की उतरवलेली फाइल नुसती लॅपटॉपमध्ये घालून भागत नाही, ती एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर विशिष्ट पद्धतीने चढवावी लागते, मग त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा. मी त्याला ग्रंथालयाचा हिरवा पेन ड्राइव्ह दिला. खिशातला दुसरा टोचत होता, म्हणून तो काढून बाकावर ठेवला. तेवढ्यात चहाची घंटा झाली. चहाच्या घंटेला हातातलं काम सोडून उठायचं, ही आमच्याकडची पद्धत आहे. बॉम्ब निकामी करत असलो तरी आम्ही उठू. मी चहाला गेलो. केल्विन म्हणाला, "एवढं लावून येतोच."

बिस्किटं संपायच्या आत तो आला आणि माझ्या हातात दोन्ही हिरवे ड्राइव्ह ठेवले. "झालं तयार. हा लावून सुरू कर. सगळं पुसू का विचारेल, हो म्हण."

घरी आलो, लावला, त्याने विचारलं सगळं पुसू का, मी हो म्हणालो. पडद्यावरची पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. मी खुर्ची ओढून समोर बसलो. कालच्या केकसमोरही मी असाच बसलो होतो. पण हा बसला नाही. पट्टी भरली, पडदा विझला, पुन्हा उजळला. मी घड्याळ लावलं होतं. बावीस सेकंद! चहाचं आधण तर सोडाच, किटलीचं झाकण उघडायला वेळ मिळाला नाही. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. भंगार म्हणे!

आता यादी परत ठेवू, म्हणून दुसरा हिरवा ड्राइव्ह लावला. त्यात एकच फाइल होती, ग्रंथालयातून उतरवलेली. मी ती बघत राहिलो. म्हणजे हा ग्रंथालयाचा. मग ज्याच्यावर केल्विनने प्रणाली चढवली तो...

केल्विनला फोन केला.

"रिकामा ड्राइव्ह कुठून घेतलास तू?"

"बाकावर होता ना," केल्विन म्हणाला. "मस्त होता. आधी त्यात काहीतरी होतं, ते पुसून टाकलं."

"माझा होता तो, केल्विन!"

"असेल. पण बाकावर होता. भिंतीवर काय लिहिलंय? 'बाकावर पडलेली वस्तू सर्वांची आहे, कोणीही वापरावी.' मोठ्या अक्षरात आहे. प्लॅस्टिकच्या कव्हरात."

ती पाटी मी लिहिली होती. कव्हरही मीच घातलं होतं, डाग पडू नयेत म्हणून.

केल्विन बिचारा लगेच आला. त्याने तासभर खटपट केली, दोनदा स्क्रू काढले, कारण स्क्रू काढल्याशिवाय त्याला विचार सुचत नाही, आणि मग चष्मा पुसत म्हणाला, "गेली रे." मी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला. आमच्याकडे याचा अर्थ प्रकरण गंभीर आहे.

मेरिडी घरी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभाच होतो. बहाणे मी मनात तीन जुळवले होते, पण तिला बघितल्यावर एकही बाहेर येईना. "यादी गेली," मी म्हणालो. "दोन्हीकडची. माझ्यामुळे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि हातातली किल्ली टेबलावर सरळ रेषेत ठेवत राहिली. "बावीस वर्षं, लायल," ती म्हणाली. एवढंच. मला इतकी शरम वाटली की माझं नाव, माझी नोकरी, ते दुकान आणि तो भंगार शब्द यांतलं काहीही मला महत्त्वाचं वाटेना. सभागृहातल्या चौऱ्याण्णव ताटल्यांना आता मालक नव्हते. आणि उद्या लोकांना विचारावं, तर फ्रूट केकच्या पहिल्या नंबरावर कमीत कमी चार घरं हक्क सांगतील आणि ती चारही पुढची वीस वर्षं एकमेकांच्या कुंपणापलीकडे बघणार नाहीत.

"मी सकाळी मिसेस नॅन्कॅरोंना सांगतो," मी म्हणालो. "चूक माझी आहे असं लाउडस्पीकरवरून सांगतो. तुझं नाव येऊ देणार नाही."

"माझंच तर नाव आहे विभागावर," ती म्हणाली. मग किल्ली उचलली आणि म्हणाली, "परीक्षण होऊ दे. लॅपटॉप घेऊन ये बरोबर."

शनिवारी साडेदहाला परीक्षक उठून चहाला गेले. बंद सभागृहात ताटल्यांवर पहिल्या नंबराच्या निळ्या आणि दुसऱ्याच्या लाल फिती लागल्या होत्या. मी मिसेस नॅन्कॅरोंपुढे उभा राहून सगळं सांगितलं, टॅगपासून पाटीपर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे निकाल नाही," त्या म्हणाल्या. "मेरिडी, मला वाईट वाटतं, पण पुढच्या वर्षी हा विभाग..."

"निकाल आहे," मेरिडी म्हणाली. ती लाल झाली होती. इतकी लाल मी तिला आमच्या लग्नातही पाहिली नव्हती. "लायल, लिही. नंबर एक, फ्रूट केक, नोएलीन पेंगिली. तिच्या स्वयंपाकघराची जमीन उतरती आहे, केक नेहमी डावीकडे कलतो. दोन, आयव्ही बोथेम, बदाम भाजून घालते. तीन, डॉटी ट्रेझाइस. चार..."

"थांबा," मिसेस नॅन्कॅरो म्हणाल्या. "तुम्ही हे बघून सांगताय?"

"हो."

"तुम्हाला कळतं कुठला कुणाचा ते?"

"बावीस वर्षं कळतं." मेरिडी टेबलाची कड धरून उभी होती. "कळायला नको म्हणून पडदा लावला, ताटल्या पांढऱ्या केल्या. तरी कळतं. मी काय करू? या गावात मी प्रत्येक बारशाला, प्रत्येक मयताला यांच्या हातचं खाल्लंय. पण मी कधी तोंड उघडलं नाही. परीक्षकांकडे कधी नुसतं बघितलंही नाही. आज उघडते आहे, मग हवं तर मला काढा."

मिसेस नॅन्कॅरोंनी स्पंज केकच्या टेबलाकडे बोट केलं. "यातला माझा कुठला?"

मेरिडीने टेबलावर नजरही फिरवली नाही. "अडुसष्ट. साखर जास्त पडते तुमची. सोळा वर्षं पडतेय. कडा म्हणून लवकर लाल होते."

अडुसष्टला फीत नव्हती. मिसेस नॅन्कॅरोंनी जवळ जाऊन कडा बघितली. "सोळा वर्षांत एकदा सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"ते नियमात बसत नव्हतं."

मग मिसेस नॅन्कॅरोंनी खुर्ची ओढली आणि मला म्हणाल्या, "लिहा, लायल."

मी लिहायला लागलो. मेरिडी पुढे चालत होती आणि बोलत होती, मी मागून लॅपटॉप हातावर धरून टाईप करत होतो, आणि सांगायला हवं, लॅपटॉप तिच्या वेगाने धावत होता. एकदाही अडखळला नाही. स्कोन झाले, पास्ट्या झाल्या. शेवटचं टेबल पुरुषांच्या चॉकलेट केकचं. पाच ताटल्या.

मेरिडी पहिल्यापाशी थांबली. निळी फीत. "लायल, हा ग्लेनिस ट्रेंगोवचा."

"एर्नचा म्हणायचंय का तुम्हाला?" मिसेस नॅन्कॅरो.

"त्याच्या बायकोचा, ग्लेनिसचा. वरची साखर ती अशीच काट्याने ओढते. गेली तीन वर्षंही तिचाच होता. हा दुसरा केल्विन रॉडाच्या बायकोचा, कॉफी घालते ती. हा तिसरा नोएलीनचाच, डावीकडे कललाय बघा. हा चौथा..." चौथाही एका बायकोचाच निघाला.

मी टाईप करायचा थांबलो. नियम चौदा, 'पदार्थ स्पर्धकाने स्वतःच्या हाताने केलेला असावा,' हाही मीच टाईप केलेला.

"या चौघींना खुल्या गटात टाका," मिसेस नॅन्कॅरो शांतपणे म्हणाल्या. "ग्लेनिसचं नाव तरी एकदा लाउडस्पीकरवरून ऐकू येऊ दे. एर्नला मी काही सांगणार नाही, तो ऐकेल. पाचवा कुणाचा?"

मेरिडी पाचव्या ताटलीपुढे उभी होती. चौऱ्याण्णव. मधोमध बसलेला, एका बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा असलेला. शेजारी परीक्षकांनी कार्डावर लिहिलं होतं, 'हिंमत सोडू नये.' तिने ताटली फिरवून बघितली. वाकून वास घेतला.

"हा हात माझ्या ओळखीचा नाही," ती म्हणाली. बावीस वर्षांत ती हे पहिल्यांदा म्हणत असणार. "हा कुणाच्या घरचा नाही. काय लिहायचं, लायल?"

मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होतो. "माझा आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. सगळ्या गावाचा हात तिला ओळखता येत होता आणि एकाच घरात अडतीस वर्षं राहिलेल्या माणसाचा येत नव्हता. कारण तो हात तिने त्या कामाला लागलेला कधी बघितलाच नव्हता. हे तिच्या आणि माझ्या एकाच वेळी लक्षात आलं असावं.

"कधी केलास?"

"गुरुवारी. तू टेबलं मांडायला गेली होतीस तेव्हा."

"तरीच घरात सगळ्या खिडक्या उघड्या होत्या."

मिसेस नॅन्कॅरोंनी पहिल्या ताटलीवरची निळी फीत काढून चौऱ्याण्णववर ठेवली. "नावं पाच आली होती, म्हणून स्पर्धा रद्द नाही. उरलेला एकच आहे," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे पहिला."

मी माझं नाव टाईप केलं. यादी पूर्ण झाली. मेरिडीने पर्समधून पेन काढलं, समितीच्या कागदावर ती सगळी यादी पुन्हा हाताने उतरवून घेतली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बारा वाजायला दहा मिनिटं होती. बाहेर लोक दाराशी जमायला लागले होते, एर्नचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मेरिडीने परीक्षकांनी कापलेल्या माझ्या केकचा उरलेला तुकडा उचलला आणि खाल्ला. पूर्ण खाल्ला, मग बोटं पुसली.

"चाळणी उजवीकडच्या खालच्या खणात असते," ती म्हणाली, आणि दार उघडायला गेली.